एमआरपीच्या मेसेजांनी घाबरू नकोस

अरे, पहिल्या दिवशी सॅपमध्ये (कंपनीचं काम चालवायचं सॉफ्टवेअर) एमडी०६, म्हणजे एमआरपीची (कोणतं मटेरियल कधी, किती लागेल त्या प्लॅनिंगची) यादी उघडली आणि शेकडो एक्सेप्शन मेसेज, म्हणजे प्लॅनिंगमधल्या गडबडीच्या सूचना दिसल्या की सगळ्यांचंच डोकं फिरतं, माझंही फिरलेलं. वरून खाली एकेक वाचत बसू नकोस, ग्रुपने फिल्टर लाव. आधी ग्रुप ८, म्हणजे त्या मटेरियलचं प्लॅनिंग अर्ध्यातच बंद पडलंय, मग ग्रुप ५, तिथे बीओएमचाच, म्हणजे मालाला कोणते पार्ट लागतात त्या यादीचाच घोळ असतो, ते निस्तरल्याशिवाय खालच्या पार्टांचे आकडे खरे मानूच नकोस.

मग ये मेसेज नंबर १०, १५, २० वर. १० म्हणजे ऑर्डर अलीकडे आण, १५ पुढे ढकल, २० रद्द कर. फर्म (पक्की केलेली) प्लॅन्ड ऑर्डर किंवा पीओ (खरेदीची ऑर्डर) असेल तर सिस्टीम तारीख स्वतः बदलत नाही, नुसतं सुचवते, हलवायचं तुलाच. पण १० दिसला की लगेच व्हेंडरला फोन लावू नकोस हां, आधी एमडी०४ मध्ये (एका मटेरियलचा स्टॉक आणि मागणी दाखवणारी स्क्रीन) मागणी कोणाची ते बघ, मी एकदा अशीच घाई करून माल मागवला आणि नंतर कळलं की सेल्सवाल्यांनी तारीखच चुकीची टाकलेली, मग महिनाभर तो माल स्टोअरमध्ये पडून आणि स्टोअरवाले काका माझ्याकडे बघून हसायचे.

२० मागे बऱ्याचदा जुनी पीओ निघते, चार-पाच नग बाकी राहिलेली, जी कधीच येणार नसते. खरेदीवाल्यांकडून ‘डिलिव्हरी कम्प्लिटेड’ टिक करून घे.

आणि दोन-तीन दिवसांच्या १५ साठी रोज कटकट नको, ओपीपीक्यू मध्ये (प्लांटच्या एमआरपीचं सेटिंग) टॉलरन्स, म्हणजे किती दिवसांच्या फरकाकडे दुर्लक्ष करायचं तो आकडा, वाढवायला सॅपच्या कन्सल्टंटला सांग.