कुसळीच्या प्रयोगाचा पेपर कुठल्या जर्नलला पाठवू? – माझं उत्तर

तुझा प्रश्न दोनदा वाचला. यंदा एमएस्सी बॉटनी झालीस, प्रोजेक्ट केलास पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या गिरिपुष्पाच्या झाडाच्या पानांच्या अर्काने कुसळी या गवताचं बी उगवायचं थांबतं का यावर, आणि आता प्लांट बायॉलॉजीच्या कुठल्याशा जर्नलचा मेल आलाय की साडेचार हजार भरा, ३ दिवसांत पेपर ऑनलाइन, 'यूजीसी केअर लिस्टेड'. पाठवू का, विचारतेस. वयाने बरीच लहान आहेस म्हणून अगंतुगं करतेय. २६ वर्षं बॉटनी शिकवली, त्यातली बरीच वर्षं जर्नलांसाठी रिव्ह्यू केले, म्हणजे छापण्याआधी इतरांचे पेपर तपासले, त्यावरून सांगते, पाठवू नकोस.

आधी ते 'यूजीसी केअर'. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्य जर्नलांची ही यादी २०१९ ला सुरू झाली आणि तिचं काम आपल्या पुणे विद्यापीठातूनच चालायचं, कारण त्याआधीच्या यूजीसीच्या यादीत इतका कचरा शिरला होता की २०१८ च्या मे महिन्यात एका फटक्यात ४,३०५ जर्नलं काढून टाकावी लागली. पण केअरची यादीसुद्धा फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने बंद केली. म्हणजे जी यादी आता चालूच नाही तिचं नाव सांगून ते तुझ्याकडे पैसे मागतायत. आणि आयएसएसएन नंबर दाखवतील, तर तो फक्त नोंदणीचा नंबर असतो, दर्जाचा शिक्का नाही. पीएचडीला अ‍ॅडमिशन घेताना लागेल ही भीती असेल तर तीही सोड, २०२२ च्या नव्या नियमांनंतर पीएचडीचा प्रबंध द्यायलासुद्धा यूजीसीकडून पेपरची सक्ती राहिलेली नाही. एखादं विद्यापीठ स्वतःचा नियम ठेवू शकतं, तेवढं मात्र विचारून घे.

साडेचार हजार गेले तर गेले असं वाटेल, पण खरं नुकसान वेगळंच आहे. माझ्या एका विद्यार्थिनीने, खूप मेहनती मुलगी, असाच एका ठिकाणी पेपर दिला. दोन वर्षांनी तिच्याकडे जास्त डेटा जमला, काम खरंच छान झालं होतं, चांगल्या जर्नलला पाठवलं तर त्यांनी परत केलं, कारण त्यातले निम्मे आकडे आधीच छापलेले. पहिल्या जर्नलवाल्यांना पेपर मागे घ्या म्हटलं तर त्यांनी मागे घेण्याचेही पैसे मागितले, आणि नंतर तर ती वेबसाइटच उघडेना. तीन पावसाळ्यांचं काम होतं ते. मला अजून त्याचं वाईट वाटतं, कारण पाठवण्याआधी तिने मला विचारलं होतं आणि मी घाईत बघ तुझं तू म्हणाले होते.

आता तुझ्या कामाबद्दल, कारण विषय मला मनापासून आवडलाय. गिरिपुष्प मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं, आपल्या टेकड्यांवर भराभर हिरवं दिसावं म्हणून लावलं गेलं. लोक त्याला उंदीरमारी म्हणतात आणि ग्लिरिसिडिया या त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थही तोच. त्याच्या पानांत कुमारिन नावाचं रसायन असतं आणि कुमारिन बियांची उगवण रोखतं हे जुनं माहितीतलं आहे. तेव्हा अर्काने उगवण कमी झाली एवढंच लिहिलंस तर रिव्ह्यूअर म्हणणार, बरं, मग नवीन काय? नवीन आहे ती टेकडी आणि कुसळी. तिथे जोर दे.

तू लिहिलंयस की ३ पेट्री डिशेस, प्रत्येकीत २० बिया, म्हणून एकूण नमुने ६०. नाही गं. एका डिशमधल्या वीसही बिया एकाच फिल्टर पेपरवर, एकाच पाण्यात असतात, त्यामुळे डिश हा एक नमुना धरायचा, म्हणजे तुझे नमुने ३. निदान ६ डिशेस कर, आणि सगळा प्रयोग पुन्हा एकदा वेगळ्या तारखेला कर. दुसरं म्हणजे तू घेतलेला १० टक्क्यांचा अर्क चांगला घट्ट असतो, त्यातले विरघळलेले पदार्थच बियांना पाणी ओढू देत नाहीत, त्यात कुमारिनचा काही संबंध असेलच असं नाही. म्हणून नुसत्या डिस्टिल्ड वॉटरचा कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी अर्काविना लावलेल्या बिया, पुरत नाही, तेवढ्याच ऑस्मोटिक ताकदीचं, म्हणजे बियांना पाणी ओढू न देण्यात अर्काइतकंच असणारं, पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं द्रावण करून तेही लाव, आणि अर्काचा पीएच मोजून लिही. मी रिव्ह्यू करताना अशा पेपरात सगळ्यात आधी हेच शोधते आणि दहातल्या आठांत सापडत नाही. आणि १०च टक्के का? टेकडीवर हिवाळ्यात गिरिपुष्पाची पानं गळतात, जूनच्या पावसात भिजतात, तो खरा अर्क. झाडाखाली एक मीटर बाय एक मीटरची चौकट टाकून पाचोळा गोळा कर, वाळवून वजन कर, आणि त्यावरून ठरव की किती पानाला किती पाणी. हे केलंस तर पेपरचं रूप पालटेल.

तुझ्या कंट्रोलमध्येच फक्त ३० टक्के उगवण दिसतेय, ते बघून मी थांबले. बी गेल्या नोव्हेंबरात आणून लगेच लावलंस ना? कुसळीचं ताजं बी सुप्त असतं, कित्येक महिने ठेवल्यावर नीट उगवतं. म्हणजे जे दिसतंय त्यातलं किती अर्कामुळे आणि किती बियाच्या झोपेमुळे हे आत्ता सांगताच येत नाही.

जर्नल कुठलं, तर तुझ्या संदर्भयादीत जी जर्नलं तीन-चार वेळा आलीयत तिथूनच सुरुवात कर, तुझे वाचक तिथेच आहेत. 'प्लांट फिजिऑलॉजी' १९२६ पासूनचं, 'द प्लांट सेल' १९८९ चं, दोन्ही अमेरिकन सोसायटी ऑफ प्लांट बायॉलॉजिस्ट्सची, फार मोठी नावं, पण त्यांना पेशीच्या आत नेमकं काय घडतं ते हवं असतं, तुझा प्रश्न वेगळा आहे. 'अ‍ॅलेलोपथी जर्नल' भारतातूनच निघतं, विषय तंतोतंत तुझा. 'ट्रॉपिकल इकॉलॉजी' बघ, टेकडीचा भाग वाढवलास तर तिथे शोभेल. इंडियन बोटॅनिकल सोसायटीचं जर्नल तर १९१९ ला मद्रासच्या फायसन यांनी सुरू केलेल्या अंकापासून चालत आलंय, त्याला कमी लेखू नकोस. प्रत्येकाचे गेल्या वर्षाचे दोन अंक चाळ, पाठवण्याआधी फी लागते का बघ, बऱ्याच जर्नलांत ओपन अ‍ॅक्सेस, म्हणजे पेपर सगळ्यांना फुकट वाचता येणं, नको म्हटलं तर लेखकाला काही भरावं लागत नाही. कॉलेजातून पेपर उघडत नसतील तर विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात जाऊन बस. उत्तर यायला महिने लागतात, रिव्ह्यूअर टोचून लिहितात, पण कित्येकदा फुकटात मिळालेली ती उत्तम शिकवणी असते.

आणखी एक, व्हाउचर. ज्या झाडाची पानं घेतलीस आणि ज्या कुसळीचं बी, दोन्हींचे नमुने नीट दाबून, वाळवून, शीटवर लावून हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, जमा कर आणि तो नंबर पेपरात दे. कोरेगाव रोडला बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, आघारकर संस्थेचं हर्बेरियम आहे, आधी विचारून जा. गिरिपुष्पाला जानेवारी-फेब्रुवारीत गुलाबी फुलं येतात, तेव्हाची फांदी घे, नुसत्या पानांची नको. कुसळीची कणसं मात्र याच आठवड्यात आण, वणवा लागला की टेकडीवर काही उरत नाही. आणि गेल्या वर्षीचं बी कागदी पाकिटात शिल्लक असेल तर टाकू नकोस, एव्हाना त्याची झोप उडालेली असेल, ते आणि नवीन बी शेजारीशेजारी लाव आणि आधी दोन्हींचे नुसत्या पाण्यातले आकडे इथे टाक, मी बघते.