रमजानमध्ये रोजाचा दिवस कसा जातो? खरंच दिवसभर पाणीसुद्धा पीत नाहीत का?

नाही, पाणीसुद्धा नाही. पूर्ण निर्जळी. पण हे विचारणाऱ्या कुणीही मला अजून झोपेबद्दल विचारलेलं नाही, आणि माझं खरं घोडं तिथेच अडतं.

दिवस सुरू होतो तो अंधारातच. फजरची, म्हणजे पहाटेच्या नमाजेची, वेळ लागायच्या आत सहरी, म्हणजे रोज्याआधीचं खाणं, उरकायची असते. घरात सगळ्यांच्या आधी मी उठते, बाकीच्यांना हलवून हलवून जागं करते. भूक नसते, तरी घास ढकलायचा आणि एक डोळा घड्याळावर ठेवायचा. पहाटेचा पांढरा धागा काळ्या धाग्यातून वेगळा दिसू लागेपर्यंत खा-प्या, असं कुराणात आहे. अजान संपेपर्यंत घटाघट पाणी पिणारे असतात, पण वेळ अजानीच्या सुरुवातीलाच संपलेली असते. मग मनात नीयत (रोज्याचा संकल्प), फजरची नमाज, थोडं कुराण आणि जमलंच तर डुलकी.

पुढचा दिवस एरवीसारखाच. कामं कुणाची चुकतात? दुपारी जुहरची नमाज, उन्हं कलली की असरची. पहिले तीन-चार दिवस चहावाचून डोकं ठणकतं, मग शरीर मुकाट्याने ऐकतं. विसरून काही खाल्लं तर रोजा तुटत नाही. आठवल्याबरोबर तोंडातलं थुंकायचं आणि रोजा पुढे चालू.

जिभेचं मात्र अवघड. जो खोटं बोलणं सोडत नाही त्याच्या उपाशी राहण्याची अल्लाहला गरज नाही, अशी हदीस (पैगंबरांचं वचन) आहे. मी खोटं बोलत नाही, पण असरनंतर स्वयंपाकघरात उभी असताना माझ्या तोंडून जे निघतं ते रोजेदाराला शोभणारं नसतं. मीठसुद्धा चाखायचं नाही म्हणून अंदाजाने घालते. (गरज असेल तर जिभेवर टेकवून थुंकायची मुभा आहे, पण मला धीर होत नाही.) इफ्तारला, म्हणजे रोजा सोडताना, सगळे गुपचूप खातात. त्यावरून काय ते कळतं.

सूर्य मावळला की मगरिबची अजान, खजूर, पाणी. सहरी होईल तितकी उशिरा आणि इफ्तार मात्र वेळ होताच, अशी शिकवण आहे. त्या पहिल्या घोटाबद्दल मी काही लिहीत नाही. एकदा निर्जळी राहून बघा.

लोकांना वाटतं, इथे दिवस संपला. पण इशानंतर, म्हणजे रात्रीच्या नमाजेनंतर, तरावीह ही रमजानची खास नमाज असते. हनफी पंथाचे लोक २० रकात (नमाजेची आवर्तनं) पढतात, काही जण ८. मशिदीत हाफिज पाठ असलेलं कुराण ऐकवतात. कुराणाचे ३० पारे (भाग) महिन्याभरात पुरे करायची रीत आहे. मी घरी पढते, कुराणातल्या पाठ असलेल्या सूरांवर (अध्यायांवर). बाराव्या रकातीला पाय बोलायला लागतात. मग आवराआवर, आणि पाठ टेकते न टेकते तोच सहरीचा गजर. शेवटच्या दहा रात्रींत तर झोपेचं नावच काढू नका. त्यांतल्या विषम रात्रींत शब-ए-कद्र शोधायची असते. ती एक रात्र हजार महिन्यांहून श्रेष्ठ, म्हणजे ८३ वर्षांहून जास्त. चुकवायची हिंमत कोण करणार?

आजारी आणि प्रवासी माणसाला रोजा नंतर ठेवायची सवलत आहे. पाळीच्या दिवसांत आम्ही रोजा ठेवत नाही, नमाजही नाही. त्या नमाजा कायमच्या माफ, पण रोजे नंतर एकेक करून भरून द्यायचे. त्या दिवसांतही घरातल्या पुरुषांना कळू नये म्हणून अनेकजणी सहरीला उठून बसतात आणि दुपारी दाराआड दोन घास खातात. मीही खाल्ले आहेत, उभ्या उभ्या.

चांद्र वर्षामुळे रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे येतो, त्यामुळे तो सगळ्या ऋतूंतून फिरतो. कजा (राहिलेल्या) रोज्यांना ऋतूचं बंधन नाही, म्हणून हिशेबी बायका ते लहान दिवसांत उरकतात. माझे मागच्या वर्षीचे ६ बाकी होते. थंडीत ठेवीन म्हटलं होतं, त्यातले ४ झालेत.