एन्झाइम रोखणाऱ्या औषधाने उंदरांची स्मरणशक्ती खरंच वाढते का?

वाढते म्हणण्यापेक्षा, बिघडलेली बरीचशी सावरते. शिकायला लागणारं असिटिलकोलिन हे रसायन मेंदूतलं कोलिनेस्टरेज एन्झाइम झटपट तोडतं. डोनेपेझिल हे औषध त्या एन्झाइमला अडवतं. प्रयोगात उंदराला आधी स्कोपोलामिन देऊन विसराळू करतात, मग गढूळ पाण्याच्या गोल टाकीत सोडतात. पाण्याखाली लपलेला चौथरा त्याने आठवून शोधायचा. (ही टाकी मेंदूशास्त्रज्ञ रिचर्ड मॉरिस यांची, १९८०च्या दशकातली.) औषध मिळालेले उंदीर चौथरा सहसा लवकर गाठतात. पण डोस फार वाढवला की फायदा घटतो, लाळ गळते, अंग थरथरतं. त्यामुळे चौथरा गाठायला लागलेल्या नुसत्या वेळेच्या आकड्यावर भुलू नका, पोहण्याचा वेगही बघा. धडधाकट तरुण उंदरांत फरक बहुधा किरकोळच दिसतो.