रेल्वेप्रवास आणि इतिहास यांवरचे संथ माहितीपट लोकांना इतके का आवडतात?

माझ्या मते याचे कारण असे की, या माहितीपटांत इतिहास गाडीच्याच गतीने पुढे सरकतो. स्थानक आले की एक गोष्ट सुरू होते आणि गाडी सुटली की खिडकीबाहेर पाहत ती मनात मुरू देण्याइतका निवांत वेळ मिळतो. ब्रिटनचे माजी मंत्री मायकेल पोर्टिलो बीबीसीवरील २०१० पासूनच्या मालिकेत ब्रॅडशॉचे एकोणिसाव्या शतकातील प्रवास-मार्गदर्शक हाती घेऊन फिरतात, त्यामुळे जुने वर्णन आणि आजचे गाव शेजारी-शेजारी दिसतात. नॉर्वेच्या सार्वजनिक वाहिनीने तर २००९ मध्ये बर्गन ते ऑस्लो हा सात तासांहून अधिक काळाचा प्रवास अखंड दाखवला आणि बोगद्यांच्या अंधारात जुनी चित्रणे पेरली. ही कल्पना मला विलक्षण सुंदर वाटते.

रोज लोकलमध्ये उभ्याने जाणाऱ्या मुंबईकराला हा निवांतपणा अधिकच भावतो. बोरीबंदर ते ठाणे ही १६ एप्रिल १८५३ ची पहिली गाडी आपण शाळेत पाठ केलेली असते. पण बोरघाटाचा मार्ग १८६३ मध्ये खुला होईपर्यंत तिथे हजारो मजुरांनी प्राण गमावले, हे सहसा कोणी सांगत नाही. असे काही पाहिल्यापासून पुण्याला जाताना कर्जतला मागून जोर देणारी इंजिने जोडण्यासाठी गाडी थांबते, तेव्हा मी मुद्दाम दारापाशी जाऊन उभा राहतो.