बसस्थानकातल्या कर्मचाऱ्यांना मानसिक संकटातल्या प्रवाशाशी कसं वागायचं हे शिकवायला एकच दिवस आहे. काय शिकवावं?

नाशिकमधले वाहक, खिडकीवरचे कर्मचारी आणि सुरक्षारक्षक यांच्यासाठी तुम्ही अख्खा दिवस मोकळा ठेवलाय, हेच मोठं काम झालं. आता आजारांची नावं आणि लक्षणं यांना तासाभराहून जास्त देऊ नका. खिडकीवरच्या माणसाला निदान करायचं नसतं. पुढची दहा-पंधरा मिनिटं सांभाळायची आणि समोरच्याला योग्य हाती सोपवायचं, एवढंच त्याचं काम. उरलेला दिवस सरावाला द्या. तुकडी पंधरा-वीस जणांची, गट तिघांचे: एक प्रवासी, एक कर्मचारी, एक बघणारा. पन्नास जण बसवलेत तर त्याचं भाषण होईल.

बोलणारा एकच हवा. दुसऱ्याने गर्दी मागे सारायची, मोबाइलवर शूटिंग थांबवायचं. ठक्कर बझारसारख्या गजबजलेल्या बसस्थानकात चारचौघं भोवती जमली की घाबरलेला माणूस आणखी बिथरतो. दोन हात अंतर ठेवून जरा तिरकं उभं राहायचं, त्याची बाहेर पडायची वाट अडवायची नाही, दंड धरायचा नाही. "मी इथेच काम करतो. तुम्हाला त्रास होतोय असं दिसतंय. पाणी देऊ का?" एवढं बोलून गप्प राहायचं. बहुतेक जण इथेच चुकतात. उत्तर यायच्या आत दुसरा प्रश्न टाकतात. मनात दहापर्यंत मोजायची सवय लावा.

कुणाला आवाज ऐकू येत असतील तर वाद घालू नये आणि होला होही मिळवू नये. "मला तो आवाज येत नाहीये, पण तुम्ही घाबरलाय हे कळतंय," हे पुरतं.

सगळ्यांत अवघड वाक्य प्रत्येकाकडून मोठ्याने म्हणवून घ्या: "जीव द्यावा असं मनात येतंय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे. उलट "वेडंवाकडं काही करणार नाही ना?" असं विचारलं की समोरचा "नाही" म्हणून मोकळा होतो. उत्तर 'हो' आलं तर कसं, कधी, साधन जवळ आहे का, हे विचारायचं आणि त्याला एकटं सोडायचं नाही. "पोलिसात देईन" हा धाक तर कधीच नको. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच, उलट सिद्ध होत नाही तोवर, गृहीत धरतात.

पुढचे तीन फोन नंबर खिडकीच्या आतल्या बाजूला चिकटवा. हत्यार किंवा मारहाण असेल तर ११२. विष, जखम, बेशुद्धी असेल तर १०८. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलतात; काय करावं हे विचारायला कर्मचारीही तिथे फोन करू शकतो.

एक गोष्ट हमखास राहून जाते. अचानक असंबद्ध बोलणारा, घामाघूम झालेला माणूस मनोरुग्ण किंवा दारुडा असेलच असं नाही. साखर उतरलेली असू शकते, डोक्याला मार किंवा ताप असू शकतो. तिथे आधी १०८. सिंहस्थात थकलेली, वाट चुकलेली म्हातारी माणसं मोठ्या संख्येने येतील, तेव्हा याचा सराव वेगळा घ्या.

शिकवायला जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाला लेखी पत्र द्या. आणि डेपो व्यवस्थापकांनाही त्याच दिवशी बसवा, कारण असा प्रसंग हाताळलेल्या वाहकाला लगेच पुढच्या फेरीवर न पाठवता अर्धा तास बसवून बोलतं करणं त्यांच्याच हातात असतं.