‘टाइम अँड अगेन’विषयी वाचकांचे प्रश्न

‘टाइम अँड अगेन’ म्हणजे वारंवार. या एकाच इंग्रजी शब्दप्रयोगाविषयी पत्रे येत राहतात, म्हणून काहींना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न (नौपाडा): ‘टाइम अँड अगेन’ चूक असून ‘टाइम अँड टाइम अगेन’ हेच शुद्ध, असा संदेश व्हॉट्सॲपवर फिरत आहे. खरे काय?

उत्तर: दोन्ही शुद्ध आहेत. संदेश पुढे पाठवण्याआधी शब्दकोश उघडावा.

प्रश्न (ऐरोली): ‘टाइम्स अँड अगेन’ चालेल का?

उत्तर: नाही.

प्रश्न (घोडबंदर रोड): थकबाकीदार सभासदाला पाठवायच्या पत्रात आमच्या सचिवांनी ‘वुई हॅव रिमाइंडेड यू फ्रॉम टाइम टू टाइम’ असे लिहिले आहे. ते योग्य आहे ना?

उत्तर: व्याकरण ठीक आहे, अर्थ मात्र निसटला. ‘फ्रॉम टाइम टू टाइम’ म्हणजे अधूनमधून. सोसायटीला थकबाकीची मधूनच कधीतरी आठवण होते, असा त्या सभासदाचा समज झाला तर दोष त्याचा नाही. तुम्हाला ‘टाइम अँड अगेन’ म्हणायचे आहे. मात्र याच पत्रात कायद्याचा उल्लेख करून ‘ॲज अमेंडेड फ्रॉम टाइम टू टाइम’ लिहिले असेल, तर त्याला हात लावू नका, कारण तेथे ‘वेळोवेळी सुधारलेला’ हाच अर्थ अभिप्रेत असतो. आणि शब्द बदलून काम संपले असेही समजू नका. ‘वारंवार कळवले’ एवढेच लिहून कोणत्या तारखेला, कोणत्या पत्राने, किती रकमेसाठी कळवले हे गाळण्याची खोड आपल्या सोसायट्यांना जडली आहे. उद्या वसुली दाखल्यासाठी, म्हणजे थकबाकी सक्तीने वसूल करण्याच्या आदेशासाठी, सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जावे लागले, तर मागील स्मरणपत्रांच्या प्रती आणि पोचपावत्याच उपयोगी पडतील. त्या आजच फाइलला लावा, आणि मसुदा पाठवण्याआधी वकिलांना दाखवा. ‘पुढच्या सभेनंतर बघू’ म्हणत बसू नका.

प्रश्न (वाशी): ‘अगेन अँड अगेन’ऐवजी सगळीकडे ‘टाइम अँड अगेन’ लिहिल्यास निबंधाला जास्त गुण मिळतात, असे मुलीच्या क्लासने दिलेल्या पुस्तिकेत आहे. तसे करावे का?

उत्तर: करू नये. दारात उभे राहून कोणी लागोपाठ बेल दाबली, तर ती ‘अगेन अँड अगेन’ दाबली. निरनिराळ्या प्रसंगी तीच तक्रार केली, तर ती ‘टाइम अँड अगेन’ केली. अशा पुस्तिकांचे पैसे वेगळे घेतात, हे ठाऊक आहे. मुलीचा निबंध तिच्या शाळेतील शिक्षकांना दाखवावा.

प्रश्न (बेलापूर): ‘टाइम अँड अगेन’मध्ये जोडरेषा द्यावी का?

उत्तर: नको.