परसात सहा-सात कोंबड्या पाळायच्या आहेत. दिसायला देखण्या आणि रंगीत अंडी देणाऱ्या कोणत्या जाती घ्याव्यात? काळी अंडी देणारी जात असते का?

टोपलीत निळं, हिरवं, चॉकलेटी, पांढरं सगळं हवं आणि कोंबड्याही देखण्या हव्यात, असा तुमच्या प्रश्नाचा सूर वाचून हसू आलं. मीही अगदी असंच ठरवून सुरुवात केली होती. खुराड्यात सात जणी, सगळ्या बघत राहाव्या अशा, आणि पहिलं वर्षभर रोज मिळायची दोन अंडी. कधी एकच.

मी जाती निवडल्या होत्या चित्रं बघून. दोन सिल्की, दोन पोलिश, एक ब्रह्मा, एक मॅरान्स आणि एक 'अरौकाना' (हे अवतरण का, ते पुढे येईल). सिल्की म्हणजे चालता-फिरता कापसाचा गोळा, मुलं तिला खाली ठेवत नाहीत; पण दहा-बारा अंडी घातली की ती खुडूक. मग आठवडेच्या आठवडे खोक्यात फुगून बसणार, हात घातला की गुरगुरणार. शिवाय तिची पिसं पाणी अडवत नाहीत, एका सरीत भिजून चिंब होते. पोलिशच्या डोक्यावरचा झुपका डोळ्यांवर येतो, त्यामुळे तिला वरून कोण झेप घेतंय ते कळत नाही आणि शेजारीण टोचायला आली तेही कळत नाही. माझ्या एका पोलिशचं टाळकं बाकीच्यांनी दोन महिन्यांत सोलून काढलं. झुपका डोळ्यांपाशी कातरून ठेवायचा असतो, हे मला उशिरा समजलं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: सातातल्या चार कामसू घ्या, तीन हौसेच्या. आणि आधी अंड्याचा रंग ठरवा, रूप नंतर. देखणी कोंबडी प्रत्येक रंगात मिळते. रंगीत अंडं मात्र प्रत्येक देखणी देत नाही.

रंग येतो कसा हे एकदा कळलं की निवड सोपी होते. निळी-हिरवी अंडी सोडली तर अंड्याचं कवच मुळात पांढरंच असतं. अंडं तयार व्हायला साधारण 24 ते 26 तास लागतात, त्यातला बराचसा वेळ कवच चढण्यात जातो. तपकिरी रंग अगदी शेवटच्या काही तासांत वरून लागतो, भिंतीला चुना लावावा तसा. म्हणून तपकिरी अंडं फोडलं की टरफल आतून पांढरं दिसतं. मॅरान्सचं ताजं, ओलसर अंडं मी एकदा फडक्याने घासून पुसलं तर रंग फडक्यावर उतरला. निळ्याचं तसं नाही. तो रंग कवचात आरपार मुरलेला असतो, टरफल आतूनही निळं. आणि हिरवं म्हणजे निळ्यावर तपकिरी हात फिरवलेला. तो हात गडद असेल तर शेवाळी रंग येतो.

आता नावं. पांढऱ्यासाठी लेगहॉर्न. वर्षाला 280 च्या आसपास अंडी, खाणं कमी, मोठा लाल तुरा एका बाजूला कललेला. स्वभावाने भित्री, हातात येणार नाही, पण टोपली तीच भरते. तपकिरीसाठी ऱ्होड आयलंड रेड किंवा पट्ट्यापट्ट्यांची प्लायमाउथ रॉक. दोन्ही धडधाकट, कुरकुर न करणाऱ्या. रूप आणि काम दोन्ही एकाच कोंबडीत हवं असेल तर मी प्लायमाउथ रॉककडे बोट दाखवेन. गडद रंगात मॅरान्स ही राणी. अंडी वर्षाला दीडशे-दोनशेच, आणि तलंग (तरुण कोंबडी) अंड्यावर यायलाही वेळ लावते. वेलसमरची अंडी विटकरी, त्यावर गडद ठिपके. एकेका कोंबडीची ठिपक्यांची तऱ्हा इतकी ठरलेली की कोणतं कोणाचं ते आठवड्यात ओळखू येतं. बार्नेवेल्डरची अंडी थोडी फिकी, पण तिच्या प्रत्येक पिसाला दुहेरी काळी किनार असते. उन्हात बघा, नजर हटत नाही.

निळ्याच्या बाबतीत मात्र सावध राहा. फसवणूक होते ती इथेच. अस्सल अरौकाना ही मूळची चिलीकडची. तिला शेपूट नसतं आणि कानांपाशी पिसांचे झुबके असतात. या झुबक्यांचं जनुक आई-बाप दोघांकडून आलं तर पिल्लू अंड्यातच मरतं, त्यामुळे ती पैदास नवख्याचं काम नाही. अमेरॉकानाला शेपूट असतं, गालावर आणि हनुवटीखाली पिसांची दाढी असते. आणि या दोघींच्या नावाने बहुतेक वेळा विकला जातो तो संकर, ज्याला ईस्टर एगर म्हणतात. माझी 'अरौकाना' तीच निघाली. शेपूट बघूनच मला शंका यायला हवी होती. अंडी हिरवट दिली, पण भरपूर दिली, आणि सातांत सर्वांत शहाणी तीच होती. तेव्हा ईस्टर एगर वाईट नाही, फक्त निळ्याची खात्री नाही. खात्री हवी तर क्रीम लेगबार घ्या. वर्षाला 180-200 अंडी, डोक्यावर छोटासा झुपका, आणि पिल्लू निघालं त्या दिवशीच अंगावरच्या रंगावरून नर-मादी ओळखू येते. एका कोंबड्यावरून रोज पहाटे शेजाऱ्यांशी भांडण्यापेक्षा हे बरं.

कानाची पाळी पांढरी तर अंडं पांढरं, लाल तर तपकिरी, असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. बहुतेक वेळा खरं ठरतं, पण अरौकानाची पाळी लाल आणि अंडं निळं. पाळी बघून खरेदी करू नका.

एक अपेक्षा आधीच कमी करून ठेवा. एक कोंबडी जन्मभर एकाच रंगाची अंडी देते, पण छटा बदलते. गडद तपकिरीत हे फार जाणवतं: हंगाम सुरू होताना चॉकलेटी, सलग घालत गेली की फिकं, पिसं झडून विश्रांती झाली की परत गडद. कोंबडी आजारी नसते, रंग पुरत नाही इतकंच. बलकाशी आणि चवीशी कवचाच्या रंगाचा संबंध नाही. बलक किती पिवळा ते खाण्यावर ठरतं.

पुढे घरीच पिल्लं काढायची असतील तरच कोंबडा ठेवा. मग तोही विचारपूर्वक निवडा, कारण मुलींच्या अंड्यांचा रंग निम्मा त्याच्याकडून येतो. लेगबारचा कोंबडा आणि मॅरान्सची कोंबडी जमवलीत तर शेवाळी अंडी देणाऱ्या पोरी मिळतात.

हौसेच्या तिघींत पोलिश घेणार असाल तर तिला दांडग्या जातींत एकटी सोडू नका, सिल्कीच्या जोडीने ठेवा. पायांवर पिसं असलेली ब्रह्मा चिखलाच्या अंगणात नको. पिसांना लगदा चिकटून पाय जड होतात आणि पायांच्या खवल्यांत माइट्स (अगदी बारीक किडे) लपले तरी दिसत नाहीत.

काळ्या अंड्यांचं विचारलंत. अशी कोंबडीची जात नाही. कडकनाथची कातडी, मांस, हाडं काळी असतात, पण अंडं फिकट बदामी. काळ्या अंड्यांचे फोटो दाखवून कोणी पिल्लं विकत असेल तर पैसे खिशातच राहू द्या.